वाचकांचे प्रश्न : बाल न्याय मंडळासमोरचे मूल आणि मनोविकारतज्ज्ञ

प्रश्न : माझी मुलगी सोलापूरला एम.डी. सायकिअॅट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीच्या धडकेने दोघांचा जीव गेला, तेव्हापासून बाल व किशोरवयीन मुलांच्या न्यायवैद्यक मनोविकारशास्त्रात, म्हणजे न्यायालयाच्या कामासाठी मुलांची मानसिक तपासणी करण्याच्या क्षेत्रात, काम करायचे तिने मनाशी धरले आहे. अशा मुलांना वयाची सवलत मिळवून देण्याचे हे काम आहे का? त्यासाठी अजून किती शिकावे लागेल आणि त्यावर तिची उपजीविका होईल का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नामागची शंका अनेकांच्या मनात असते. पुण्याच्या प्रकरणात त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने (अठरा वर्षांखालील आरोपींची प्रकरणे पाहणारे, मॅजिस्ट्रेट प्रमुख असलेले मंडळ) जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तेव्हाही ती बोलून दाखवली गेली. परंतु सवलत देणे किंवा नाकारणे हे डॉक्टरांचे काम नव्हे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १५ नुसार, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा सोळा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा का, हे ठरवण्यासाठी मंडळाला प्राथमिक मूल्यमापन करावे लागते. गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि ज्या परिस्थितीत ती घटना घडली ती परिस्थिती, या गोष्टी त्यात पाहायच्या असतात. या कामी मंडळ तज्ज्ञाची मदत घेते. निर्णय मात्र मंडळाचा असतो, आणि प्रकरण पुढे बाल न्यायालयात गेले तर तेथे त्याचा पुन्हा विचार होतो.

क्षमता आणि परिणामांची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये गुरुग्राममधील एका शाळकरी मुलाच्या खुनाच्या प्रकरणात स्पष्ट केले. मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असेही त्याच निकालात म्हटले आहे. बुद्ध्यांक काढून तेवढ्यावर अहवाल लिहिणे किती अपुरे आहे, हे आपल्या मुलीने या निकालावरून आताच समजून घ्यावे. एखादा मुलगा गणितात हुशार असू शकतो, मोटारसायकल खोलून पुन्हा जोडू शकतो. परंतु मित्रांच्या टोळक्यात, रात्री अकरा वाजता, कोणी तरी ‘घाबरलास का?’ असे डिवचल्यावर पुढचा विचार त्याला कितपत सुचतो, हा प्रश्न निराळाच आहे.

चौकशी चालू असताना अशा मुलांना जेथे ठेवतात त्या निरीक्षणगृहातली मुलाखत कशी असते, ते थोडे सांगते. मूल बहुतेकदा हात मांडीखाली घेऊन बसते आणि विचारण्यापूर्वीच ‘चूक झाली, पुन्हा नाही करणार’ असे म्हणते. हे वाक्य आधी आलेल्या मुलांकडून ऐकून पाठ झालेले असते. ‘चूक झाली म्हणजे नेमके काय झाले?’ असे विचारले की ते गप्प होते. एका मुलाने बराच वेळ थांबून मला सांगितले होते, ‘आईला तारखेला यायला लागतं, तिचा खाडा होतो.’ परिणामांची त्याची समज त्या वेळी तेवढीच होती, आणि माझ्या अहवालात ती त्याच्याच शब्दांत जायला हवी होती. ‘पश्चात्ताप आढळला नाही’ असा शेरा मारला असता, तर मुलाचे बोलणे सोडून मी माझा निवाडा लिहिला असता.

याहून कठीण प्रसंग येतो तो मूल आरोपच नाकारते तेव्हा. मूल्यमापनाच्या वेळी गुन्हा सिद्ध झालेला नसतो. मग न केलेल्या, किंवा न केल्याचे सांगितलेल्या, कृत्याच्या परिणामांची समज विचारायची कशी? अशा वेळी मी त्या घटनेकडे जात नाही. शाळा, घरचे पैसे, मित्रांशी झालेली भांडणे, रोजचे छोटे निर्णय, यांविषयी बोलते. शिवाय मुलाखत होईपर्यंत काही आठवडे गेलेले असतात, म्हणून परिविक्षा अधिकाऱ्यांचा (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरच्या परिस्थितीविषयीचा सामाजिक तपास अहवाल, शाळेचे हजेरीपट आणि घरच्यांचे म्हणणे पाहिल्याशिवाय त्या वेळच्या मनःस्थितीबद्दल काहीही लिहू नये. तरीही जे कळत नाही ते ‘सांगता येत नाही’ असे लिहिण्याचे धैर्य लागते, आणि वकिलांच्या उलटतपासणीत त्या शब्दांवर ठाम राहावे लागते.

या कामाची दुसरी बाजू पीडित मुलांची आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ नुसार वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत मुलाला विचारले जातात, आणि साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या नजरेस पडणार नाही याची काळजी घ्यावी लागते. चार वर्षांचे मूल सुचवलेल्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलावते, म्हणून पहिली मुलाखत कोणी आणि कशी घेतली यावर खटल्याचे बरेच काही अवलंबून असते. पालकांच्या घटस्फोटात मुलाचा ताबा कोणाकडे असावा, याविषयीही कुटुंब न्यायालय तज्ज्ञाचे मत मागवू शकते.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगते. एम.डी. झाल्यावर बालमनोविकारशास्त्रात तीन वर्षांची डी.एम. ही पुढची पदवी करता येते, बेंगळुरूच्या निम्हान्स आणि चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थांमध्ये ती आहे. निम्हान्समध्ये न्यायवैद्यक मनोविकारशास्त्राचेही स्वतंत्र शिक्षण मिळते. बाल विभागातून आलेल्याने कायदा शिकावा, न्यायवैद्यक विभागातून आलेल्याने मुले शिकावीत. दोन्ही वाटा चालतात. उपजीविकेबाबत मी आपल्याला खोटा धीर देणार नाही. केवळ याच कामाची पूर्णवेळ पदे आपल्याकडे फार थोडी आहेत. बहुतेक जण वैद्यकीय महाविद्यालयातील नोकरी किंवा स्वतःचे क्लिनिक सांभाळून हे करतात, आणि मंडळाच्या कामाचा मोबदला बेताचाच असतो.

एक पथ्य मात्र तिने पहिल्या दिवसापासून पाळावे. ज्या मुलावर आपण उपचार करतो त्याचा न्यायालयासाठी अहवाल आपण लिहू नये. आणि मूल्यमापनाला बसलेल्या मुलाला सुरुवातीलाच सांगावे, ‘तू मला जे सांगशील ते मी मॅजिस्ट्रेट साहेबांना लिहून कळवणार आहे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’ मग ते त्याला कळले का, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. सोलापुरात हे विशेष जपावे लागेल, कारण तेथे काही मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, तर काहींच्या घरी कन्नड. मराठीत ‘हो मॅडम’ म्हणणाऱ्या मुलाला सगळे समजले असेलच असे नाही. एम.डी.चा उरलेला काळ हाताशी आहे, तेव्हा तिने विभागप्रमुखांच्या परवानगीने वरिष्ठांसोबत अशा मुलाखतींना बसावे, आणि जमल्यास कामापुरती तेलुगू शिकायला आताच सुरुवात करावी.