तौलनिक धर्म आणि नीतिशास्त्राचा प्राध्यापक होण्यात काही अर्थ आहे का? शेवटी सगळे धर्म एकच सांगतात ना?

तुम्ही लिहिलंय की फिलॉसॉफीत एम.ए. चालू आहे, पुढे वेगवेगळ्या संस्कृतींची नीती आणि तौलनिक धर्म यातच पीएचडी करून शिकवायचा विचार आहे, पण घरचे म्हणतात सगळे धर्म एकच सांगतात, त्यात जन्मभर शिकवण्यासारखं काय आहे. मी २८ वर्षं हेच शिकवलं, आता रिटायर झाले, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते.

घरच्यांचं ते वाक्य सुरुवातीला मलाही पटायचं. माझा पहिला पेपर त्यावरच होता. स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नये, हे प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियस म्हणतो, ज्यू परंपरेत धर्मगुरू हिलेल म्हणतो, आणि महाभारतात अनुशासनपर्वात आहेच, ‘न तत्परस्य संदध्यात् प्रतिकूलं यदात्मनः’. मी तिन्ही अवतरणं शेजारी शेजारी मांडली, बघा किती सारखी आहेत म्हणाले आणि खूश होऊन पाठवून दिला. पेपर परत आला, खाली एकच शेरा, यातला ‘दुसरा’ म्हणजे कोण ते लेखिकेने तपासलंय का. राग आला होता तेव्हा, पण तपासलं नव्हतं हे खरंच होतं. महाभारतात हे बृहस्पती युधिष्ठिराला सांगतोय आणि आजूबाजूला विषय अहिंसेचा चाललाय, म्हणजे त्या ‘दुसऱ्या’त सगळे प्राणिमात्र येतात. कन्फ्यूशियसकडे शिष्य विचारतोय की आयुष्यभर पाळता येईल असा एखादा शब्द आहे का, त्यावर तो ‘शू’ (दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणं) हा शब्द देतो आणि ती गोष्ट माणसामाणसांतली आहे. वाक्य तेच, पण कोणाकोणाला आत घेतलंय ते वेगळं. पुढची सगळी वर्षं मी थोडक्यात हेच करत आले म्हणा ना.

वर्गात मी नेहमी तीन गोष्टी एकत्र द्यायचे. पहिली ॲनालेक्ट्समधली, म्हणजे कन्फ्यूशियसच्या वचनांच्या संग्रहातली: एक सरदार कन्फ्यूशियसला अभिमानाने सांगतो की आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली, आणि कन्फ्यूशियस म्हणतो आमच्याकडे बाप मुलाचं झाकतो, मुलगा बापाचं झाकतो, सरळपणा त्यातच आहे. दुसरी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या संवादातली: युथिफ्रो नावाचा माणूस स्वतःच्या बापावर खुनाचा खटला भरायला निघालाय, कारण बापाने एका मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि तो थंडीने, भुकेने मेला (त्या मजुराने आधी दारूच्या नशेत एका गुलामाला मारलं होतं, म्हणजे तोही काही साधा नव्हता). सॉक्रेटिस त्याला बरोबर किंवा चूक म्हणत नाही, नुसतं विचारत राहतो की तुला एवढी खात्री आली कुठून. तिसरी महाभारताच्या उद्योगपर्वातली: प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा नावाचा ब्राह्मण यांनी श्रेष्ठ कोण यावर प्राणांची पैज लावलेली, निवाडा प्रल्हादाकडे, आणि बाप पोटच्या मुलाविरुद्ध निकाल देतो.

दरवर्षी पहिली पंधरा मिनिटं गोंधळ व्हायचा, अर्धा वर्ग कन्फ्यूशियसला नावं ठेवायचा आणि उरलेले म्हणायचे की पोलीस दारात आले तर तुम्ही तरी काय कराल. एका वर्षी मागच्या बाकावरची, कधी न बोलणारी मुलगी म्हणाली, मॅडम, ज्याची मेंढी गेली त्याच्याबद्दल कोणीच का बोलत नाहीये? मी तो उतारा तोवर दहा वर्षं शिकवत होते, आणि माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

आता जॉबचं. इथे गोडगोड बोलत नाही, जागा कमी असतात आणि तुम्ही त्रिशंकू होता. फिलॉसॉफीवाले म्हणतात हे धर्मवाले, धर्माभ्यासवाले म्हणतात हिला वादच घालायचेत, इंटरव्ह्यूत दोन्हीकडे तोच प्रश्न, तुमचा नेमका विषय कोणता. म्हणून एक परंपरा मूळ भाषेतून पक्की करा, संस्कृत, पाली, अरबी, चिनी, काहीही, पण भाषांतरावर विसंबून तुलना करू नका. ‘धर्म’ला सरसकट रिलिजन म्हणून बसलात की संपलं. चिनी भाषेत आज रिलिजनसाठी जो शब्द वापरतात तो त्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात जपानीतून आलाय, म्हणजे कन्फ्यूशियसला विचारलं असतं तुझा धर्म कोणता तर प्रश्नच कळला नसता.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर १९४७-४८ चं बघा. संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता, युनेस्कोने वेगवेगळ्या संस्कृतींतल्या विचारवंतांना पत्रं पाठवून मतं मागवली, गांधीजींनी उत्तर दिलं की हक्क येतात ते नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने उलट इशारा दिला की एका संस्कृतीची मूल्यं सगळ्यांवर लादू नका. मसुद्यात ‘ऑल मेन’ होतं, ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ व्हावं म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या आणि ते झालं. १० डिसेंबर १९४८ ला मतदान झालं, बाजूने ४८, विरोधात शून्य, तटस्थ ८. हक्कांच्या यादीवर एवढी एकवाक्यता झाली पण ते हक्क कशावर उभे आहेत यावर नाही, आणि आमच्या विषयातले लोक अजून तिथेच खणतायत. मला तरी त्याचा कंटाळा आला नाही. कंटाळा आला तो मीटिंगांचा, पण ते कुठल्याही खात्यात असतंच.

प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी त्या तीन गोष्टी मुळातून वाचा, एका दुपारी होतील. त्या मेंढीच्या मालकाचं काही सुचलं तर मला कळवा, माझं उत्तर अजून अर्धवटच आहे.