आईचं उत्तर वेगळं, मुलीचं वेगळं

प्रश्न : मुलगी 11 वर्षांची. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार संपून 3 वर्षं झाली. तपासणीत जीवनमानाचा 23 प्रश्नांचा फॉर्म दिला. तिने ‘शाळेत काही त्रास नाही’ लिहिलं, मी ‘बरेचदा’. खरं कोणाचं धरायचं?

उत्तर : दोघींचंही. हा पेड्सक्यूएल फॉर्म. मुलांचा आणि पालकांचा मुद्दामच वेगळा असतो, म्हणून एकमेकींचं न बघता भरा. गेल्या महिन्याबद्दलच विचारलेलं असतं. आजारपणातले दिवस आठवून खुणा केल्या की गुण फसवे येतात. ‘कधीच नाही’ला 100, ‘जवळजवळ नेहमी’ला 0, मधे 75, 50, 25, मग सरासरी. एका विभागातले निम्म्याहून जास्त प्रश्न कोरे राहिले तर त्या विभागाचे गुण काढत नाहीत.

एकूण आकड्यावर समाधान मानू नका, शाळेचे 5 प्रश्न वेगळे बघा. पाठीच्या कण्यातून दिलेलं मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचं औषध किंवा डोक्याला दिलेलं रेडिएशन यांमुळे लक्ष टिकणं, कामाचा वेग मंदावू शकतो. फळ्यावरचं अर्धंच उतरवून होतं आणि घरी त्याला आळस म्हणतात, हे फार वाईट. मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या, शाळेकडे लेखी जादा वेळ मागा.

फॉर्मला हृदय मात्र दिसत नाही. उपचारांचा लेखी सारांश मागून घ्या. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाने हृदय कमजोर होऊ शकतं; त्याचा एकूण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 250 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल, तर तक्रार नसली तरी दर 2 वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवा. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये उपचार संपलेल्या अशा मुलांसाठी 1991पासून वेगळं क्लिनिक आहे.