आजीच्या हातावरची तुळस

प्रिय सोनू,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीने चष्मा सारखा करायला हात वर केला, मनगटाच्या वरची तिची गोंदलेली हिरवी तुळस तुला दिसली आणि तू विचारलेस, "हे काढताना आजीला कोणी विचारलं होतं का? आणि तिला नको असेल तर ते जात का नाही?" आजी हसून म्हणाली, "जायला ते काय कुंकू आहे?" त्यावर तू गप्प झालीस. तुझा पहिला प्रश्न मात्र माझ्या मनाला लागला, कारण लहानपणापासून माझ्या आईचा तो हात पाहत आले तरी मी स्वतः तो कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मला निश्चित देता येते. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडतो आणि साधारण महिना-दीड महिन्यात नवा येतो. म्हणून मेंदी आठ-पंधरा दिवसांत फिकी होते. गोंदणाची सुई त्या थराच्या खाली, एक-दोन मिलिमीटर आत जाते आणि काजळीचे कण तिथे सोडते. शरीराला ती जखमच वाटते. परके कण गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात आणि ते कण खातात. पण काजळी म्हणजे कार्बन, तो त्यांना पचत नाही. ना पचवता येत, ना टाकता येत, म्हणून त्या पेशी तो पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. त्या पेशीही कधीतरी मरतातच, मग रंग का टिकतो, हा प्रश्न मलाही पडला होता. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून याचा शोध घेतला आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: एक पेशी मेली की तिच्यातून सुटलेले कण शेजारी नव्याने आलेली पेशी गिळते. रंग धरून ठेवणाऱ्या पेशी त्यांनी मुद्दाम नष्ट केल्या, तरी गोंदण होते तसेच राहिले. म्हणजे आज आजीच्या हातावर जी तुळस आहे, ती सांभाळणाऱ्या पेशी गोंदताना तिथे नव्हत्याच. या देवघेवीत थोडे कण इकडेतिकडे सरकतात, म्हणून तुळशीच्या कडा आता पसरट झाल्या आहेत. काजळी काळी असूनही आपल्याला हिरवट दिसते, कारण तिच्यावर असलेल्या कातडीतून प्रकाश विखरून परत येतो. लेसरने गोंदण काढतात ते त्या कणांचे बारीक तुकडे करून, जेणेकरून शरीराला ते वाहून नेता यावेत. पण पुष्कळसे तुकडे पेशी पुन्हा गिळतात, म्हणून ते एका खेपेत होत नाही.

आता पहिला प्रश्न. सोमवारी मी आजीला पुन्हा फोन केला आणि तुझाच प्रश्न तिला विचारला. "विचारायचं काय त्यात? सगळ्याच पोरींचं होत होतं," असे म्हणून ती थोडी थांबली आणि मग म्हणाली, "दुखलं मात्र लई." माण तालुक्यातल्या तिच्या माहेरी सुगी संपली की गोंदणारी बाई यायची. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया, दिव्याची काजळी आणि कसल्याशा पाल्याचा रस एवढेच तिचे सामान असे. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या आईने तिचा हात धरून ठेवला, पोरीचे ध्यान सुईवरून हटावे म्हणून ती बाई गाणे म्हणत राहिली, नंतर वर हळद चोळली आणि बाईच्या पदरात सूपभर जोंधळे घातले. तुझ्या शब्दांत सांगायचे, तर नऊ वर्षांच्या मुलीला न विचारता तिच्या अंगावर कायमची खूण केली गेली. याला माझ्यापाशी उत्तर नाही आणि ते बरोबर होते असे मी तुला सांगणार नाही.

पण त्याच फोनवर ती आणखी एक बोलली. लग्नानंतर पाटणच्या बाजूला सासरी आल्यावर पहाटे जात्यावर बसली की खुंटा फिरवताना ती तुळस डोळ्यांसमोर फिरत राही आणि ती पाहिली की आई जवळ असल्यासारखे वाटे. पाटल्या दिरांच्या शिक्षणासाठी मोडल्या, माहेरचे लुगडे विरले, तुळस तेवढी राहिली.

आणि आक्का, माझी आजी. तू तिला फक्त ओसरीवरच्या फोटोत पाहिले आहेस. माझे आजोबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. बायकांनी आक्काचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या; मी दाराआड उभी राहून ते पाहिले आणि कित्येक दिवस तिच्या जवळ गेले नाही. मग एका सकाळी ती चुलीपुढे वाकली असताना दिसले, की दोन भुवयांमधला गोंदणाचा ठिपका तसाच आहे. तो कोणालाच पुसता आला नव्हता. मेल्यावर बाईसोबत गोंदण तेवढे जाते, असे ती म्हणायची. मला ते तेव्हा खरे वाटायचे. आज तसे वाटत नाही. तरी आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या माणसाच्या कातडीवर काजळीच्या ६१ खुणा शाबूत आहेत, हे वाचले तेव्हा मला आधी आक्काच आठवली.

माझ्या हातावर काही का नाही, हे तू विचारले नाहीस, पण सांगते. दहाव्या वर्षी मी आजीबरोबर पालीच्या खंडोबाच्या यात्रेला गेले होते. भंडाऱ्याने सगळे पिवळे झाले होते आणि तारळीच्या काठी एक माणूस बॅटरीवरच्या मशीनने गोंदत बसला होता. माझ्या मैत्रिणीने चांदणी काढून घेतली. मी हात पुढे केला, तोच आजीने तो मागे ओढला आणि म्हणाली, "हिला शिकायचंय." तिथेच ते थांबले. तिने माझे भले पाहिले, हे मला कळते. पण मला चांदणी हवी होती आणि मलाही कोणी विचारले नव्हते.

तुला पुढे कधी टॅटू काढावासा वाटला, तर तो तुझा निर्णय असेल. काढावा किंवा काढू नये, असे काहीही या पत्रातून मी सुचवत नाही. डिसेंबरमध्ये साताऱ्याला जाऊ, तेव्हा आजी तो हात तुझ्यापुढे धरील, कारण तू विचारलेस याचा तिला आनंद झाला आहे. हवे असेल तर बोट फिरवून पाहा. हाताला काहीच लागत नाही, कातडी अगदी सपाट आहे. लहानपणी ती दुपारची झोपली की मी नखाने ती तुळस खरवडून पाहत असे.

तुझी,
आई