आयर्लंडच्या खेड्यांत जमीनदार-कुळांच्या आठवणी अजून शिल्लक आहेत का?

आहेत की, भरपूर. मी सहा वर्षं झाली मेयो काउंटीत कॅसलबारजवळ राहतोय. शेजारी एक ऐंशीच्या घरातले शेतकरी आहेत आणि मी मूळचा साताऱ्याकडचा, बांधाची भांडणं ऐकतच मोठा झालेला, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

लॉर्ड लोकांचे किस्से इथे हसत सांगतात. कॅसलबारची जमीन लॉर्ड लूकनच्या घराण्याची, १८४५ नंतरच्या बटाट्याच्या मोठ्या दुष्काळात त्यांनी इथली कुळं हाकलली. त्याच घराण्यातला एक लॉर्ड १९७४ मध्ये लंडनच्या एका खून प्रकरणानंतर गायबच झाला, तेव्हा म्हणे गावकरी म्हणाले, स्वतः येऊन मागू दे, मग देतो जागेचं भाडं! ज्याच्या नावावरून 'बॉयकॉट' हा शब्द आला तो कॅप्टन बॉयकॉटसुद्धा इथेच, लॉफ मास्क तळ्याजवळ राहायचा, एका जमीनदाराचा कारभारी. १८८० मध्ये लोकांनी त्याला वाळीत टाकलं तर पीक काढायला बाहेरून ५० मजूर आणि त्यांना सांभाळायला हजारेक सैनिक-पोलीस. असं म्हणतात की ५०० पौंडांच्या पिकासाठी १०,००० खर्च झाले.

दुष्काळावर मात्र कोणी हसत नाही. १८४७ च्या कायद्यात पाव एकरापेक्षा जास्त, म्हणजे आपल्या हिशोबाने १० गुंठ्यांच्या वर जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत हवी तर आधी जमीन सोडायची. दहा गुंठे हो!

आता वाटण्यांचं. आधी इथे रनडेल नावाची पद्धत होती, जमीन सगळ्यांची मिळून, प्रत्येकाला थोडी चांगली थोडी खडकाळ, तुकडे विखुरलेले. १८९१ नंतर सरकारी बोर्डाने आणि पुढे लँड कमिशन या सरकारी जमीन-खात्याने जमीनदारांच्या इस्टेटी विकत घेऊन पट्टे पाडले, इंग्रजीत त्याला स्ट्राइप म्हणतात. शेजाऱ्यांचा पट्टा रस्त्यापासून थेट डोंगरापर्यंत जातो, पण रुंदी इतकी कमी की ट्रॅक्टर वळवताना मागचं अवजार दगडी भिंतीला घासतं. मी बघितलंय, त्या जागी दगड पांढरे पडलेत.

पण खरी आठवण वेगळीच आहे. एकदा मी सहज विचारलं, पलीकडचं ते हिरवंगार शेत कोणाचं? म्हातारबुवा किटली ठेवायला उठले, खिडकीतून बघितलं आणि हळू आवाजात एकच शब्द, "ग्रॅबर." म्हणजे दुसऱ्याला हाकलल्यावर त्याची जमीन घेणारा. मला वाटलं हल्लीचं काही प्रकरण असेल, तर नाही, म्हणे त्यांच्या आजोबांच्या वडिलांच्या काळातलं. त्या घरातली आत्ताची माणसं चांगली आहेत, मेंढरं चुकली की हीच माणसं फोन करून सांगतात. तरी त्यांचं नाव घेताना म्हातारबुवांचा आवाज खाली जातो, आणि मलाही बजावलं की दुकानात हे बोलू नकोस.