पहिलं ग्रेटिंग साधंच लिही

अरे, फायबर ब्रॅग ग्रेटिंग (फायबरच्या गाभ्यात लेझरने अपवर्तनांकाचे कमी-जास्त पट्टे लिहून ठरावीक तरंगलांबी परत पाठवणारी रचना) लिहायला लागून पहिलाच महिना, आणि तुला चर्प (पट्ट्यांमधलं अंतर हळूहळू बदलणं), अपोडायझेशन (टोकांकडे ग्रेटिंग हळूहळू फिकं करणं) आणि फेज-शिफ्ट (मधेच पट्ट्यांची लय सरकवणं) तिन्ही एकदम हवंय? दमानं घे. आधी 10 मिमीचं साधं ग्रेटिंग लागोपाठ पाच वेळा सारखं येऊ दे. 1550 नॅनोमीटरला परावर्तन हवं तर फायबरमधला पिच (पट्ट्यांमधलं अंतर) साधारण 535 नॅनोमीटर, म्हणजे फेज मास्कचा (लेझर ज्यातून जाऊन फायबरवर पट्टे पाडतो ती खाचांची काचपट्टी) 1070 च्या आसपास.

नवख्यांच्या हमखास चुका:

- फायबरवरचं प्लास्टिकचं कोटिंग अर्धवट काढणं. माझ्याकडून एकदा त्या कोटिंगच्या ॲक्रिलेटचा कण राहिला, 248 नॅनोमीटरच्या लेझरखाली जळला आणि मास्कवर डाग! महिनाभर बोलणी खाल्ली. फायबर आयसोप्रोपिलने पुसून भिंगाखाली बघच.
- दर वेळी वेगळा ताण. ताणून लिहिलेलं ग्रेटिंग सोडलं की तरंगलांबी खाली सरकते. छोटं वजन लटकव, नेहमी तेच.
- हायड्रोजन भरलेल्या (लेझरचा परिणाम वाढावा म्हणून) फायबरचा स्पेक्ट्रम लगेच खरा मानणं. हायड्रोजन निघून ॲनीलिंग (तापवून स्थिर करणं) होईपर्यंत परावर्तनाचं शिखर सरकतच राहतं.

मग अपोडायझेशन. त्यात सरासरी अपवर्तनांक सपाट ठेव, नाहीतर कमी तरंगलांबीच्या बाजूला नको ती शिखरं उगवतात. इन्व्हर्स डिझाइन (हव्या त्या स्पेक्ट्रमवरून उलट ग्रेटिंगची रचना काढणं) सध्या राहू दे. ट्रान्सफर मॅट्रिक्सचा (ग्रेटिंगच्या तुकड्यांची मॅट्रिक्स गुणून स्पेक्ट्रम काढायची पद्धत) छोटा कोड स्वतः लिही आणि मोजलेला आलेख त्यावर टाकून बघ.