सातवीत हिरो, नववीत बाकावर

"मॅडम, ह्याच्यात टॅलेंट आहे की नाही तेवढं सांगा. नसेल तर आत्ताच बंद करतो."

कोपरखैरण्याहून ठाण्याला माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या वडिलांनी टेकता टेकताच विचारलं. वाशी मार्केटला कामाला, तरुणपणी साताऱ्याकडे कबड्डी खेळलेले. शेजारी नववीतला, शाळेत रग्बी खेळणारा मुलगा, मान खाली. आई दाराजवळच्या खुर्चीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

टेबलावर एक स्पायरल फाइल आली. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारा रंगीत रिपोर्ट, त्यात 'क्रीडा – अतिउत्तम'. काही हजार मोजले होते. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे मी सतत कुणाला ना कुणाला सांगत असते आणि दर वेळी समोरचा चेहरा पडतो. ह्यांचाही पडला.

तक्रार अशी, की सातवीत हा पोरगा रग्बीत कुणाला आवरायचा नाही. बॉल हातात आला की तिघांना अंगावर घेऊन थेट ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवून गुण. आता दोन सीझन बाकावर. "आळशी झालाय. दिवसभर मोबाइल," इति वडील.

त्यांच्या फोनमधल्या जुन्या क्लिपा पाहिल्या. रग्बीचे नियम मला तेव्हा जेमतेम माहीत होते, पण पोरं पाहायची सवय आहे. ह्याला तेव्हाच मिसरूड फुटलेलं, बाकीचे त्याच्या खांद्याला लागत होते. मुलांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती चौदाव्या वर्षाच्या आसपास. पण कुणाची बाराव्यालाच, कुणाची सोळाव्याला. एकाच वर्गातल्या दोघांच्या शरीराच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक पडू शकतो. त्यात वयोगट जन्मवर्षावरून ठरला तर जानेवारीचा नि डिसेंबरचा एकाच रांगेत. हा जानेवारीचा.

"शेवटचे कपडे आखूड कधी झाले?" मी आईला विचारलं.

"दीड वर्ष झालं, त्याच पँटी चाललेत," ती पहिल्यांदाच बोलली.

ह्याची वाढ लवकर उरकली होती. मागून बाकीचे आले, इतकंच.

पण मग ह्याच्यात काही आहे का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी एका शनिवारी नेरूळला त्यांच्या सरावाला गेले. पाऊस, गुडघाभर चिखल. शाळेची पोरं सेव्हन्स खेळतात, म्हणजे २०१६पासून ऑलिंपिकमध्ये आहे तो प्रकार. मैदान पंधरा जणांच्या खेळाएवढंच, खेळाडू मात्र सात, सात-सात मिनिटांचे दोन डाव. एक जण चिखलात लोळत राहिला तरी केवढं भगदाड पडतं! आणि हा सावकाश उठत होता. पकड करताना ताठ उभा राहून गळ्याशी हात घालायचा. खांद्याच्या वर पकडलं की फाउल, शिट्टी वाजायचीच. पास मागेच द्यायचा असतो, पण मागे कोण आहे हे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. ताकदीवर सगळं निभावलं, तर वाकून पकड करायला आणि वेळेवर बॉल सोडायला शिकणार कशाला?

मग प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बसवलं. मी छत्री घेऊन मागेच उभी. तो स्वतःशीच पुटपुटत होता, "डावीकडे दे... अरे डावीकडे." डावीकडे खरंच दोघे मोकळे होते. बॉल उजवीकडे गेला आणि अडकला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दोन्ही वेळा ह्याला आधी दिसलं.

पुढच्या भेटीत एका सामन्याचा व्हिडिओ मधेच थांबवून विचारत गेले, "आता काय होईल?" पाचपैकी चारदा बरोबर. डोळे वर आले. म्हणाला, "मॅडम, फ्रान्सचा आंत्वान द्युपाँ माहितेय? २०२१चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, २०२४ला पॅरिसमध्ये सेव्हन्सचं सुवर्ण. उंची १७४. माझ्याएवढीच." घरात हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे फक्त ट्राय किती, हेच विचारलं जायचं.

वडिलांना हे गळी उतरवणं जड गेलं. माझी मुलांच्या वाढीच्या आलेखांची वही त्यांनी बघितल्यासारखं केलं. शेवटी विचारलं, "तुमच्या संघात डाव्या कोपऱ्यावर कोण होतं?"

"होता एक. किडकिडीत. पण चढाईला आलेल्याचा पाय वाचायचा. तो घोट्याला कधी बिलगला ते कळायचंच नाही."

बोलून झालं आणि ते मुलाकडे बघत राहिले. पुढे मला काही बोलावं लागलं नाही.

प्रशिक्षकांशी मुलगा स्वतः बोलला. मी नाही आणि वडीलही नाहीत, ही माझी अट होती. त्यांनी बॉल फिरवायच्या जागी उभं करून बघतो म्हटलं. मैदानावर वडिलांनी काय बघायचं तेही ठरलं: पडल्यावर किती लवकर उठतो, पकडीत डोकं समोरच्याच्या आडवं न जाता बाजूला राहतं का, चूक सांगितल्यावर पुढच्या वेळी काय बदलतो. ट्राय मोजायचे नाहीत. हे शेवटचं त्यांना अजून जमत नाही.

गेल्या महिन्यात फोन आला. मुलगा अजून पहिल्या सातात नाही. दुसऱ्या डावात उतरवतात. मागून आईचा आवाज आला, "दहावीचं विचारा." पुढच्या वर्षी आठवड्याला दोनच सराव आणि रविवारचा सामना, असं सध्या ठरवलंय. पहिल्या चाचणीनंतर पुन्हा बसणार आहोत.