'ब्लड डायमंड'ला 'संघर्ष-हिरा' म्हणावे का?

हिंसाचाराशी जोडलेल्या हिऱ्यांसाठी इंग्रजीत दोन संज्ञा आहेत. प्रश्न असा: आफ्रिकेतल्या युद्धांवर मराठीत लिहिताना 'ब्लड डायमंड' आणि 'कॉन्फ्लिक्ट डायमंड' या दोन्हींना 'संघर्ष-हिरा' हा एकच शब्द चालेल का?

चालू नये. एक तर 'संघर्ष' आपल्याकडे बहुतेक वेळा कौतुकाने येतो. माणूस गरिबीशी संघर्ष करून वर येतो, धरणग्रस्तांची संघर्ष समिती असते. 'संघर्ष-हिरा' ही एखाद्या कार्यकर्त्याला दिलेली पदवी वाटेल. शिवाय या दोन संज्ञांचा अर्थही एक नाही.

'कॉन्फ्लिक्ट डायमंड' ही नियमांतली संज्ञा आहे. कच्च्या, म्हणजे पैलू न पाडलेल्या, हिऱ्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारी किंबर्ली प्रक्रिया ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था १ जानेवारी २००३ पासून लागू झाली. तिच्या व्याख्येचा आशय असा: कायदेशीर सरकार उलथू पाहणारे बंडखोर किंवा त्यांचे साथीदार ज्यांच्या पैशावर लढतात ते कच्चे हिरे. डोळ्यांपुढे होती सिएरा लिओन आणि अंगोला इथली युद्धे.

सिएरा लिओनमध्ये १९९१ साली आरयूएफ (रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट) या संघटनेचे बंडखोर शेजारच्या लायबेरियातून घुसले आणि पुढे कोनो जिल्ह्यातल्या हिऱ्यांवर लढले. तिथले हिरे बरेचसे नदीच्या गाळात, उथळ मिळतात. वरची माती काढायची, खालचा गोट्या-वाळूचा थर उपसायचा, गोल चाळणीत पाण्याखाली हिसके देत धुवायचा. जड खडे मधोमध तळाशी जमतात. चाळण उलटी केली की ते वर दिसतात. फावडे, चाळण, पाणी आणि बंदुकीच्या धाकाने राबवलेली माणसे एवढ्यावर खाण चालते. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे लाखमोलाचा माल खिशातून सीमेपार जातो. बोट्स्वानातल्या ज्वानेंगसारख्या खाणीत हिरे खडकात असतात. तिथे अवजड यंत्रे, वीज आणि मोठे भांडवल लागते. ते टोळीच्या आवाक्यातले नव्हे. म्हणून 'हिरे सापडले की युद्ध पेटते' हे वाक्य सरसकट लिहू नये.

लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना आरयूएफला साथ दिल्याबद्दल २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. व्याख्येतले 'साथीदार' म्हणजे कोण, हे त्यावरून कळावे.

पण व्याख्येत सरकारी फौज बसत नाही. झिंबाब्वेतल्या मारांगे इथे २००८ मध्ये लष्कराने खाणकामगारांवर गोळ्या झाडल्या. मानवाधिकार संघटनांच्या नोंदींनुसार दोनशेहून अधिक माणसे मेली. मारणारे सरकारच, म्हणून ते हिरे नियमाप्रमाणे 'कॉन्फ्लिक्ट' ठरत नाहीत. 'ब्लड डायमंड' हा बोलीतला, आरोपाचा शब्द मात्र त्यांना खुशाल लावला जातो. ग्लोबल विटनेस ही हिऱ्यांच्या व्यापारावर नजर ठेवणारी स्वयंसेवी संस्था २०११ च्या डिसेंबरात किंबर्लीतून बाहेर पडली, त्यामागे हीच त्रुटी मोठी होती.

तेव्हा शब्दही दोन हवेत. नियमातल्या अर्थासाठी 'बंडपोषक हिरे' मला नेमके वाटते. व्यापक अर्थासाठी 'रक्तलांछित हिरे'. 'रक्तहिरा' सुटसुटीत आहे खरा, पण नीलमणीच्या चालीवर तो रंगाचा शब्द वाटतो, आणि लाल हिरे खरोखरच असतात. 'रक्तरंजित' क्रांतीला आणि इतिहासाला इतके चिकटले आहे की हिऱ्यापुढे ते भडक दिसते.

'रफ डायमंड'साठी 'कच्चा हिरा'च लिहावे. 'अशुद्ध' लिहिले तर हिऱ्याच्या प्रतीचा भलताच अर्थ निघतो. हा फरक नुसता भाषेचा नाही, कारण किंबर्लीचे प्रमाणपत्र फक्त कच्च्या मालाला लागते. सुरतेत पैलू पाडून मुंबईच्या बाजारात आलेल्या हिऱ्यासोबत ते नसते. असते ते विक्रेत्याने बिलावर दिलेले हमीपत्र. कच्च्या मालाच्या पुडक्यावरही अनेक देशांचे खडे एकत्र झाले की 'मिश्र उगम' एवढीच नोंद येऊ शकते. त्यामुळे जाहिरातीतले 'किंबर्ली प्रमाणित अंगठी' हे शब्द चुकीचे आहेत.

काँगोच्या पूर्व भागातल्या कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोन्याला 'कॉन्फ्लिक्ट मिनरल्स' म्हणतात. तिथे 'बंडपोषक' लावू नये. या खनिजांविषयीच्या २०१० च्या अमेरिकी कायद्यात अट बंडखोरांची नाही, गंभीर अत्याचार करणाऱ्या सशस्त्र गटांची आहे. तिथे 'सशस्त्र गटांना पोसणारी खनिजे' असे लांबलचक लिहिलेले बरे.